वाचक विचारतात : बोटीच्या पोटातलं घर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मुलगा लायडनला असतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे राहिले होते. रोज संध्याकाळी कालव्याकाठी जुन्या बोटी बघत उभी राहायचे. सून म्हणायची, "आई, त्याच त्या बोटी काय बघता?" काही बोटींच्या दोन्ही अंगांना पंख्याच्या आकाराच्या भल्या मोठ्या लाकडी फळ्या टांगलेल्या होत्या. त्या कशासाठी? आणि आत लोक राहताना दिसले. या बोटी मुळात घर म्हणूनच बांधतात का?
(निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : बाई, त्या 'त्याच त्या' बोटी नव्हत्या, हे सूनबाईंना जरूर सांगा. लायडनला कोर्त खाल्खेवाटर म्हणून पाण्याचा एक पट्टा आहे. तिथे जुन्या मालवाहू बोटींचं बंदर राखून ठेवलंय. मुलीकडे गेलो होतो तेव्हा माझ्याही संध्याकाळी तिथेच गेल्या. जन्मभर गिरणीच्या इंजिन खात्यात काम केलेला माणूस मी, रिव्हेटची ओळ दिसली की पाय अडतोच.

तुम्ही पाहिलेली बोट बहुतेक त्याल्क असावी. पुढून-मागून गोल, तळ सपाट आणि बाजूंना त्या फळ्या. हॉलंडचं पाणी उथळ. तळाला खोल कणा असलेली बोट तिथे गाळात रुतून बसेल. म्हणून तळ सपाट ठेवला. पण अशा बोटीवर शीड चढवलं की वारा तिला पुढे नेतो तसा आडवाही ढकलतो. मग वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडची फळी दोरीने पाण्यात सोडायची. ती आडवं सरकणं रोखते आणि बोट नीट वाटेला लागते. वारा दुसऱ्या अंगावर घेतला की ही वर, ती खाली. फळी रुंद नि आखूड असेल तर बोट कालव्या-नद्यांतली, अरुंद नि लांब असेल तर समुद्राकडची. पुढच्या खेपेला सूनबाईंना हे ओळखायला लावा, मग बघा कोण आधी घरी जाऊ म्हणतंय.

आता घराचं. बांधल्या त्या माल वाहायलाच. पीट म्हणजे जळणासाठी वाळवलेली दलदलीतली माती, बटाटे, विटा, वाळू, शेणखतसुद्धा. मधलं सगळं पोट मालाचं, आणि मागे सुकाणूजवळ एक बुटकी खोली. तेवढ्यात नवरा, बायको, पोरं आणि चूल. झोपायला भिंतीत खण केलेले, आत शिरायचं आणि दार ओढून घ्यायचं. आज जिथे सोफा आणि टीव्ही दिसतो तिथे तेव्हा बटाटे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर माल मोठ्या बोटींत आणि ट्रकमध्ये गेला, या लहान बोटी स्वस्तात निघाल्या, आणि त्याच वेळी घरांची भयंकर टंचाई होती. लोकांनी बोटी घेतल्या आणि मालाच्या पोटात संसार मांडला. आज एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे २,५०० राहत्या बोटी आहेत. त्यांतल्या पुष्कळशा म्हणजे काँक्रीटच्या तराफ्यावर ठेवलेली चौकोनी खोकी. राहायला सोयीची असतील, पण त्यांच्यापुढे मी थांबत नाही. हिनं पूर्वी काय काम केलं हे अजून अंगावर दिसतंय, अशी बोट मला आवडते. दोर घासून कडेला पडलेली खाच दिसली तरी चालते.

प्रश्न : रामकृष्ण हरी माउली. आमची चंद्रभागेत पिढीजात होडी. पुतण्याने मोबाईलवर दाखवलं, हॉलंडात एवढी मोठी शिडाची बोट, पूल आला की काठी आडवी पाडून खालून गेली. वर नवरा-बायको दोघंच. एवढी जड काठी दोघांना पेलते कशी? वारा नसला तर काय करतात? मासे धरायच्या बोटी असतात का त्यांच्याकडे?
(होडीवाले कोळी बांधव, पंढरपूर)

उत्तर : माउली, काठी पेलायची नसतेच, तोलायची असते. तिचा बुंधा डेकवर दोन जाड खांबांच्या मध्ये आडव्या खिळीवर बसवलेला असतो. बऱ्याच बोटींत बुंध्याच्या खालच्या टोकाला लोखंडाचं किंवा शिशाचं वजन असतं. पुढची तार रहाटाने सैल करत गेलं की काठी सावकाश मागे झोपते, पूल गेला की रहाट उलटा फिरवायचा. एक जण रहाटावर, एक सुकाणूवर.

वारा पडला तर मात्र हाल. तुम्ही बांबू टेकून होडी रेटता तसं तेही करत. लांब वासा तळाला टेकवायचा, दुसरं टोक खांद्यात घ्यायचं आणि बोटीच्या कडेने मागे चालत जायचं. नाहीतर काठावर उतरून दोर ओढायचा. घोडा परवडला नाही की छातीवरून पट्टा घेऊन बायको आणि पोरं ओढत, बाप्या सुकाणूवर. रंगीत पोस्टकार्डांवर बोटी फार सुंदर दिसतात, हा पट्टा तेवढा दिसत नाही.

पुढे शिडं गेली, इंजिनं आली. त्यातलं क्रोमहाउट हे ॲम्स्टरडॅमचं इंजिन मी चालू होताना पाहिलं आणि तिथून हललोच नाही. आधी ब्लोलॅम्पने त्याचं डोकं तापवायचं. घाई करून भागत नाही. आतला लोखंडी गोळा पुरता तापल्याशिवाय तेल पेटतच नाही. मग फ्लायव्हीलला झटका. एकदा पकडलं की खेड्यातल्या पिठाच्या गिरणीवर सातारच्या कूपरचं इंजिन बोलायचं, तसंच बोलतं. थांबत थांबत, पण ठाम.

मासेमारीची बोट म्हणजे बोटर. तुम्हाला ती सगळ्यात आवडेल. तिच्या मधोमध पाण्याचा हौद असतो आणि हौदाच्या तळाला, म्हणजे बोटीच्याच तळाला, भोकं पाडलेली असतात. बाहेरचं पाणी आत-बाहेर खेळत राहतं, धरलेले मासे बाजारापर्यंत जिवंत. हौदाच्या भिंती घट्ट असल्यामुळे बोट बुडत नाही. या बोटी झाउडरझे नावाच्या खाडीतल्या. १९३२ साली त्या खाडीच्या तोंडावर बांध पुरा झाला, खारं पाणी हळूहळू गोडं झालं आणि तो जुना धंदा आटला. आपल्याकडे उजनी धरण झालं आणि भीमेवर मासेमारी वाढली, तिथे उलटं झालं. आता हौशी मंडळी बोटर जपतात.

पिढीजात म्हणालात म्हणून सांगतो. उत्तरेला फ्रीसलंड प्रांतात दर उन्हाळ्यात स्कूत्शे नावाच्या लहान मालवाहू बोटींच्या शर्यती होतात. मुख्य शर्यतीत १४ बोटी असतात, आणि त्यांचा तांडेल जुन्या बोटवाल्या घराण्यातलाच लागतो. पैसेवाला आला आणि सुकाणू धरलं, असं चालत नाही.

प्रश्न : काका, मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. उजनीच्या बॅकवॉटरवरची जुनी लोखंडी लाँच घेऊन तिचं दोन खोल्यांचं तरंगतं घर करायचं, असा माझा प्रकल्प आहे. डच बोटींतून काय घेता येईल?
(विद्यार्थिनी, करमाळा)

उत्तर : तू फोटो पाठवलेस त्यात काठोकाठ पाणी आहे, म्हणजे ते दिवाळीच्या आसपासचे असावेत. मे महिन्यातलं चित्र आधी काढ. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ हून जास्त मृतसाठा, आणि 'उजनी वजा' ही बातमी आपण उन्हाळ्यात वाचतोच. पाणी मागे सरेल आणि तुझं घर चिखलात बसेल. त्याल्कचा खरा उपयोग इथे आहे. हॉलंडच्या उत्तरेच्या उथळ समुद्रात ओहोटीला मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो, तेव्हा या बोटी सपाट तळावर सरळ बसून राहतात आणि भरतीला उठतात. तुझ्या लाँचचा तळ निमुळता असेल तर ती कलेल आणि स्वयंपाकघर बेडरूममध्ये येईल. तेव्हा लाँच निवडताना आधी तळ बघ.

दुसरं, वजन. मालाची बोट मालासकट तोलावी म्हणून बांधलेली असते. माल काढला की ती वर उठते, हलकी होते आणि डुलते. डच लोक तळाशी काँक्रीटच्या लाद्या किंवा लोखंड ठेवतात. लाद्या सुट्या ठेव, ओतीव नको. खालचा पत्रा पाहता आला पाहिजे. पत्र्याची जाडी अल्ट्रासाऊंडने मोजतात. तिकडे साधारण ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या पत्र्याला विमा मिळणं अवघड जातं. वर केलेल्या रंगावर जाऊ नकोस.

तिसरं माझं मत आहे, हवं तर सोडून दे. बाजूच्या पत्र्यात मोठ्या काचा बसवू नकोस. बोटीची सगळी चाल त्या एका सलग रेषेत असते, तिथे चार खिडक्या पाडल्या की बोट गेली, डबा राहिला. उजेड वरून घे. मालाच्या तोंडावर झाकणं असतात त्यांतली काही काचेची कर, काही उघडणारी. ॲम्स्टरडॅमला प्रिन्सेनखराख्त कालव्यावर 'हेंड्रिका मारिया' नावाची १९१४ ची मालवाहू बोट आहे, आता तिचंच संग्रहालय केलंय. बाहेरून किरकोळ वाटते, आत मालाच्या पोटात अख्खी बैठक मावली आहे. तिचे फोटो बघ. थंडी अडवायची त्यांची पद्धत मात्र जशीच्या तशी उचलू नकोस. आपल्याकडे मेमध्ये लोखंडी डेकवर पाय ठेवता येत नाही, म्हणून वर दुसरं छप्पर आणि मध्ये वारा हवा. त्यासाठी केरळातल्या अलप्पुळाचं केट्टुवळ्ळम जवळचं. तीही भात वाहणारी बोट, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या, वर चटयांचं कमानदार छत. तिचंही पुढे राहतं घर झालं.

आणि संडासाची टाकी आराखड्यात पहिल्याच पानावर दाखव. ॲम्स्टरडॅममध्ये बोटींचं सांडपाणी नळाने शहराच्या गटाराला जोडतात; तुझ्याजवळ गटार नाही आणि उजनीचं पाणी अख्खं सोलापूर पितं. जलसंपदा विभागात परवानगीला गेलीस की पहिला प्रश्न हाच येईल.

प्रश्न : मांजरांसाठी वेगळी बोट असते हे खरं का?
(इयत्ता सातवी, अक्कलकोट)

उत्तर : खरं आहे. ॲम्स्टरडॅमच्या सिंगेल कालव्यात आहे. हेन्रिएट व्हान वेल्डे नावाच्या बाई १९६६ पासून बेवारस मांजरं घरी आणत होत्या. घर भरलं, तेव्हा १९६८ मध्ये त्यांनी एक जुनी त्याल्कच विकत घेतली आणि मांजरं तिच्यात हलवली. आताची बोट नंतरची आहे. बघायला जाता येतं, मात्र थोडाच वेळ उघडी असते. कधी गेलास तर चार सुटे युरो जवळ ठेव. ती देणग्यांवर चालते.