"सोडवायला कुणीच का नाही आलं?" : मालिकेचा शेवट आणि घरातलं आठ वर्षांचं मूल

ऐतिहासिक मालिका शेवटाकडे आली की समुपदेशनाला एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो: शेवटचे भाग मुलांना दाखवायचे का? पंधरा दिवसांनी त्याचाच पुढचा भाग येतो: दाखवले, आता पोरगं रात्री ओरडत उठतं, काय करायचं? इथे इंदूरच्या एका मराठी घराची हकीकत देत आहोत. ओळख पटू नये म्हणून वयं आणि तपशील बदलले आहेत, दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. मालिकेचं नाव नको; ती छत्रपती संभाजी महाराजांवरची होती, एवढं पुरे.

घर लोकमान्य नगरातलं. आजी-आजोबा, मुलगा-सून, अकरावीतली नात आणि तिसरीतला नातू. सून एकटीच आली. "बाबांनी शेवटचा आठवडा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून दाखवला," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "मी नको म्हटलं, तर म्हणाले, महाराजांनी सोसलं आणि तुम्हाला नुसतं बघवतही नाही? आता हा रोज पहाटे रडत उठतो आणि घरात रोज भांडण." तिला निवाडा हवा होता. बाबा चुकले, की तीच फार हळवी?

असा निवाडा समुपदेशकाने देऊ नये. दिला की एक जण जिंकून घरी जातो, दुसरा पुढच्या बैठकीला येत नाही, आणि मुलाच्या रात्री तशाच राहतात.

घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलल्यावर एकाच शेवटाबद्दलची मतं समोर आली. आजोबांच्या मते शेवट मवाळ केला होता: संगमेश्वरला पकडल्यापासून वढू-तुळापूरपर्यंतचे चाळीसेक दिवस, आणि दाखवलं काय, तर सावल्या, साखळदंडांचे आवाज आणि बघ्यांचे चेहरे. सुनेला तेवढंही जास्त वाटलं. मुलगा ऐन प्रसंगाला ऑफिसचा फोन आल्यासारखं करून गॅलरीत जायचा. नात वेगळ्याच कारणाने भडकली होती: येसूबाईंना शेवटी रडण्यापलीकडे कामच दिलं नाही, आणि त्यावरून ती रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर अनोळखी लोकांशी वाद घालत होती. आजी काहीच बोलल्या नाहीत. फार वेळाने म्हणाल्या, नऊ वाजता सगळे एकत्र बसायचे, आता हॉलमध्ये कुणी येत नाही.

ही सगळी मतं आपापल्या जागी खरीच आहेत. अडचण अशी की प्रत्येक जण स्वतःची प्रतिक्रिया नातवाच्या नावाने मांडत होता. आजोबा म्हणत, त्याला काही होत नाही, लाडाने हळवा केलाय. आई म्हणे, त्याला रक्ताची धास्ती बसलीय. त्याला नेमकं काय होतंय हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

विचारण्याआधी एक साधा कागद भरून घेतला. चार रकाने: काय पाहिलं, कधी आणि किती वेळा, सोबत कोण होतं, पाहून झाल्यावरच्या अर्ध्या तासात घरात काय झालं. चौथा रकाना बहुतेक पालक सोडून देतात, आणि उत्तर बऱ्याचदा त्यातच असतं. इथे दोन गोष्टी निघाल्या. शेवटचा भाग मुलाने एकदा नव्हे, तीनदा पाहिला होता: रात्री सगळ्यांबरोबर, दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रसारणात आजीशेजारी, आणि नंतर तुकड्या-तुकड्यांत ताईच्या फोनवर. दुसरी गोष्ट, ज्या रात्री आई-बाबांचं स्वयंपाकघरात वाजलं, त्याच रात्री तो उठला होता. त्याचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे.

त्याचं हे उठणं कोणतं, हेही पाहावं लागतं, कारण उपाय उलटे आहेत. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून बसतं, डोळे उघडे असतात पण ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही, तर तो झोपेतला भयाचा झटका. त्याला गदागदा हलवून जागं करू नये, पडणार-लागणार नाही एवढं पाहावं, आपोआप निवळतं. पहाटेकडे उठतं, पूर्ण जागं असतं, स्वप्न सांगू शकतं, ते दुःस्वप्न. हा मुलगा चारच्या सुमाराला उठून सगळं सांगायचा, म्हणजे दुसरा प्रकार. आणि एक प्रश्न प्रत्येक मुलाला, एकट्याला, शांतपणे विचारायचाच असतो: असं तुला कधी कुणी बांधलं, मारलं, कोंडलं आहे का? पडद्यावरचा छळ कधीकधी खऱ्या छळाचं झाकण उघडतो. या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मग कागदावर तीन चौकटी आखून दिल्या. पहिलीत आधीचं, दुसरीत सगळ्यांत भीतीदायक, तिसरीत त्यानंतरचं. आठ वर्षांच्या मुलाला 'तुला कसं वाटलं' विचारलं तर 'काही नाही' हेच उत्तर मिळतं. चित्र काढताना ते बोलतं. पहिल्या चौकटीत घोडे आणि किल्ला. दुसरीत साखळ्या, दोन माणसं आणि भोवती बरेच गोल. ते गोल म्हणजे बघणारे लोक. रक्ताचा एक थेंब नाही. तिसरी कोरी. त्यात काय येईल, विचारलं तर शाळेतल्या हिंदीत म्हणाला, "फिर तो कुछ हुआ ही नहीं." आणि मग मराठीत, "त्यांना सोडवायला कुणीच का नाही आलं?"

सगळं घर अत्याचार दाखवावेत की नाही यावर भांडत होतं आणि मूल या प्रश्नाशी एकटं झोपत होतं. साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलाला दृश्य घाबरवतं: चेहरा, आवाज, अंधार. आठ-नऊपासून दृश्याचा अर्थ घाबरवू लागतो. म्हणून 'अरे, तो नट आहे, रंग लावलेला असतो' हे समजावणं इथे अर्धंच लागू पडतं. नट घरी गेला हे त्याला ठाऊक आहे. महाराज गेले नाहीत, हेही ठाऊक आहे.

रात्रीची व्यवस्था थोडक्यात. झोपण्याआधी तासभर पडदा बंद, ताईच्या फोनसकट. उठला तर पाच-दहा मिनिटं जवळ बसायचं, रोज तेच एक वाक्य बोलायचं ("स्वप्न होतं, मी इथे आहे, दार लावलेलं आहे"), स्वप्नाची चौकशी त्या वेळी नाही, दिवे लख्ख नाहीत, टीव्ही तर मुळीच नाही. पहिला आठवडा बाबांची गादी त्याच्या खोलीत, मग दोन-दोन रात्रींनी दाराकडे सरकवत बाहेर. उलटं केलं, म्हणजे मुलालाच आई-बाबांच्या पलंगावर नेलं, तर परत पाठवायला महिने लागतात. मोठ्यांचा वाद मूल झोपल्यावर नाही; झोपलेलं मूल ऐकतं. तो संध्याकाळी, गच्चीवर.

दिवसाचं काम जास्त महत्त्वाचं. स्वप्न बदलून लिहिण्याची एक रीत आहे. दुपारी चार-पाचच्या सुमाराला, झोपायच्या वेळेपासून लांब, दहा-पंधरा मिनिटं. मुलाने स्वप्न एकदाच सांगायचं, मग हवं तिथून ते बदलायचं, नवं स्वप्न काढायचं आणि रोज तेच मनात फिरवायचं, दोन आठवडे तरी. बदल मुलाचाच हवा. इथेच गाडी अडली. नातवाने लिहिलं की महाराज साखळी तोडून घोड्यावरून रायगडाला गेले, आणि आजोबांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली: "असं झालेलं नाही. इतिहास बदलायचा नसतो." मुलाने वही मिटली ती दोन दिवस उघडली नाही.

आजोबांचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त वही चुकली होती. म्हणून दोन वह्या केल्या. एक स्वप्नाची: मालक नातू, तिच्यात काहीही घडू शकतं, कुणी दुरुस्ती करायची नाही. दुसरी इतिहासाची: प्रमुख आजोबा, तिच्यात घडलेलंच लिहायचं, रोज एकच पान, आणि सुरुवात मालिका संपली तिथून मागे-पुढे दोन्हीकडे. ज्या माणसाला 'दाखवू नका' म्हटलं की तो दुखावतो, त्याला 'सांगा' म्हटलं की तो कामाला लागतो. आजोबांनी दुसऱ्या दिवशी जुनी पुस्तकं काढली.

त्या वहीतली पानं अशी होती. फेब्रुवारी 1689, संगमेश्वर: मुकर्रबखानाचा अचानक छापा, महाराजांसोबत माणसं थोडी, म्हाळोजी घोरपडे तिथेच लढताना पडले. म्हणजे कुणीच आलं नाही, असं नाही. 11 मार्च 1689, वध. हे पान आजोबांनी दोन ओळींत लिहिलं, अत्याचारांची यादी केली नाही. तसं ठरलं होतं. मग राजाराम महाराज जिंजीकडे निसटले. म्हाळोजींचा मुलगा संताजी थेट औरंगजेबाच्या छावणीत घुसला आणि त्याने बादशाही तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले, असं सांगतात. हे पान नातवाने तीनदा वाचून घेतलं. नोव्हेंबर 1689, रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत.

सात वर्षं वाचल्यावर मुलाने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला. मग त्यांना कधी सोडलं? 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला, दक्षिण जिंकून दिल्लीला परत जाणं त्याच्या नशिबी नव्हतं. त्याच वर्षी शाहू सुटले, तेही भोपाळजवळ, सीहोर जिल्ह्यातल्या दोराह्याला. "म्हणजे आपल्या भोपाळच्या रोडवर?" पुढे शाहूंच्याच कारकिर्दीत, 1730च्या दशकात मल्हारराव होळकर माळव्यात स्थिरावले, म्हणून राजवाडा इथे आहे आणि आपणही इथे आहोत, हे आजोबांनी जोडलं. नातीने येसूबाईंचं पान मागून घेतलं: सुटका 1719 मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी. अनोळखी लोकांशी रात्रीचा वाद त्यानंतर कमी झाला. बंद झाला असं नाही.

खोटा दिलासा कुठेही दिलेला नाही, हे महत्त्वाचं. महाराज वाचले, असं मुलाला सांगू नये; शाळेत चार दिवसांत खरं कळतं आणि मग घरच्यांच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो. कोऱ्या चौकटीत पुढचं खरं घालायचं.

आजोबांची आणखी एक सूचना होती, आणि ती अनेक घरांत येते: पुन्हा दाखवा, भीती मोडेल. रात्री, इतरांच्या मर्जीने, अख्खा भाग दाखवला तर भीती शिगेला असताना भाग संपतो आणि पक्की बसते. पुन्हा पाहायचंच, तर मुलाने मागितल्यावर, दिवसा, फोनच्या लहान पडद्यावर, आधी आवाज बंद, दोन-तीन मिनिटं, आणि बंद करायचं बटण त्याच्या हातात. या मुलाने एकदा मागितलं, दीड मिनिटात बंद केलं, खेळायला गेला. तेवढं चालतं.

ॲपवर मालिका असेल तर सुरुवातीला वयाची खूण दिसते: यू/ए 7+, 13+, 16+ किंवा ए. 13+ आणि त्यावरच्या भागांना पालकांचं कुलूप लावता येतं. पिन मुलाला माहीत नसलेला ठेवा, वाढदिवसाची तारीख नको. नेहमीच्या वाहिनीवर अशी सोय सेट-टॉप बॉक्समधल्या चाइल्ड लॉकपुरतीच, म्हणून शेवटचे भाग आधी मोठ्यांनी पाहून ठरवावं. दाखवायचंच असेल, तर भाग संपल्यावर लगेच दिवा घालवून झोपायला पाठवू नये, निदान अर्धा तास दुसरं काही: पत्ते, दूध, गप्पा.

दुःस्वप्नं, चिकटून राहणं, एकट्याने बाथरूमला न जाणं, हे बहुतेक मुलांत दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, शाळेला जायला नकार असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, जेवण तुटलं असेल किंवा मूल स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर वह्यांवर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जवळ कुणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर महिन्याची वाट नाही, त्याच दिवशी.

या घरात तिसऱ्या आठवड्यापासून पहाटेचं उठणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. शेवट मवाळ होता असं आजोबा अजून म्हणतात, तो तेवढाही नको होता असं सून म्हणते, आणि नऊ वाजता आजींच्या आग्रहाखातर सगळे हॉलमध्ये बसतात. सध्या तिथे एक विनोदी मालिका चालू आहे. ती आजोबांना मुळीच आवडत नाही.