वडिलांच्याच शेडमध्ये काम करावं की वेगळी जागा घ्यावी?

तुम्ही विचारलंय, वडिलांचं सुतारकाम आहे, तुम्हीही तेच शिकून आलाय, तर एका शेडमध्ये दोघांचं जमेल का? जमेल. फक्त पहिल्याच दिवशी पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्या, वेगळ्या करा.

आमची शेड खानापूरकडची. अप्पा, म्हणजे माझे वडील, दारं-खिडक्या आणि देव्हारे करतात, मी लेथवर वाडगे, लाटणी कातते. सहा वर्षं झाली. सुरुवातीला एकदा मी त्यांच्या पाऊण इंची पटाशीनं पॉलिशचा डबा उघडला. ते काही बोलले नाहीत. दगडावर पाणी शिंपडलं आणि कितीतरी वेळ पटाशी घासत बसले, मधेच उजेडाकडे धरून धार बघायचे, परत घासायचे. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आता त्यांची हत्यारं खिडकीकडच्या भिंतीला, माझी लेथच्या बाजूला. न विचारता कुणी कुणाचं उचलत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. अप्पांचं सगळं फूट-इंच-सुतात, माझं मिलिमीटरमध्ये. देव्हाऱ्याच्या एका सागवानी खांबावर मी पेन्सिलनं ‘८ कमी’ लिहून बाजारात गेले. अप्पांनी आठ सूत कापलं. आठ सूत म्हणजे अख्खा इंच! गिऱ्हाइकाला चार दिवस थांबावं लागलं, आणि चूक माझीच होती. तेव्हापासून नुसता आकडा लिहायचा नाही. पुढे ‘सू’ किंवा ‘मि’ पाहिजेच.

पण खरी भांडणं झाली ती धुळीवरून. मी वाडगा घासायला घेतला की भुसा हवेत तरंगत राहतो आणि अप्पांच्या ओल्या पॉलिशवर जाऊन बसतो. उन्हाळ्यात दारं उघडी टाकता येतात. आमच्याकडच्या पावसात कुठली उघडणार? त्यात अप्पा चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करतात, आणि दमट हवेत ते पांढुरकं पडतं. म्हणजे पावसाळ्यात उघडीप मिळेल तो दिवस त्यांचा, त्या दिवशी माझा घासायचा पॉलिश पेपर बंद. त्या वेळात मी लाकडं फाडून, गोल करून ठेवते. पुढे मागच्या पडवीला पत्रे मारून पॉलिशची बंद खोलीच केली. हे आम्ही पहिल्या वर्षीच करायला हवं होतं, तुम्ही उशीर करू नका. आणि घासताना तोंडाला मास्क लावाच, दोघांनीही. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर कॅन्सरचा धोका असतो, हे आमच्या धंद्यात कुणी सांगत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. लाकूड एकत्रच आणतो, पण जो फळी उचलेल त्यानं भिंतीवर खडूनं घनफूट लिहायचं. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणाकाराला १४४ नं भागायचं. सहा फुटी, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. महिनाअखेरीला माझ्या वाट्याचे पैसे मी अप्पांच्या हातात देते. पहिल्यांदा घेत नव्हते. मी म्हटलं, “वखारीतनं आणलं असतं तर दिले असते की, अप्पा.” मग मोजून घेतले.