भेटीची ओढ डॅनिशमध्ये

प्रश्न : लेकीकडे कोपनहेगनला निघालोय. तिच्या डॅनिश सासूबाईंना ‘भेटीची ओढ लागलीय’ असं कसं कळवावं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘वी ग्लेदर ऑस टिल ऑ से दाय.’ यातलं ‘ऑस’ (म्हणजे ‘आम्हाला’) हमखास सुटतं. ते गाळलं तर ‘आम्ही आनंद देतो’ असा अर्धवट अर्थ उरतो. एकट्याने लिहिताना ‘याय ग्लेदर माय’. पुढे नाम आलं तर क्रियापदाआधी येणारं ‘ऑ’ नको : ‘टिल फेरियेन’, म्हणजे सुट्टीची. ‘टिल’च्या जागी ‘ऑवर’ घातलं की आनंद पुढच्या गोष्टीचा न राहता, झालेल्या किंवा असलेल्या गोष्टीचा होतो. ‘वेन्टे पो’ (वाट पाहणं) मात्र टाळा. ते लोकलची वाट पाहण्यासारखं कोरडं. ‘दाय’ (तुला) एकेरी असलं, तरी तिकडे वडीलधाऱ्यांनाही तेच चालतं, निःसंकोच लिहा.