विमा कंपनीने कलम अर्धंच वाचलंय

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जिभेचा कॅन्सर निघाला. अर्धी जीभ काढून त्याच ऑपरेशनमध्ये मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसह घेऊन नवी जीभ बांधली. विमा कंपनीने बाकी खर्च दिला, पण 'प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही' म्हणून १ लाख ४० हजार कापले. आता काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कंपनीच्या पत्राची प्रत जोडलीत, बरं केलंत. आता पॉलिसीची पुस्तिका काढा आणि 'वगळलेल्या बाबीं'मधला कोड ०८ पूर्ण वाचा. कॉस्मेटिक, प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही, इथवरच पत्रात आहे. पुढे मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना सोडून, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ही शब्दरचना विमा नियामकानं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना ठरवून दिली आहे. बिलात सर्जनच्या नावापुढे 'प्लास्टिक' दिसलं आणि कुणीतरी पेन चालवलं, एवढंच झालेलं दिसतं.

सर्जनकडून एक दाखला घ्या. घास मागे ढकलायला आणि बोलायला जीभ लागते, ती बांधली नसती तर गिळणं आणि बोलणं दोन्ही अवघड झालं असतं, हे त्यात यायला हवं. ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवा. ईमेल करा आणि पोचही ठेवा.

नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत तक्रार करा. सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं. फी नाही आणि वकीलही चालत नाही (हे वकिलानंच सांगावं लागतंय!). सही वडिलांचीच घ्या. बोलता येत नसलं तरी सही येते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. नाही पटला तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका, लोकपाल तक्रार घेणार नाहीत.

वडील तंबाखू मळायचे, तो मुद्दा कंपनी काढेल का, ही तुमची धास्ती समजते. नकारपत्रात तो मुद्दाच नाही. पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ मध्येच म्हटलंय. तुम्ही आपणहून तो विषय काढू नका. विचारलंच तर खोटंही बोलू नका.