थर्मल शॉक टेस्ट पहिल्यांदाच लावताय? आधी एवढं बघा

या चाचणीत नग (तपासायची वस्तू) आलटूनपालटून एकदम तापवतात आणि गार करतात. ती ज्यात होते त्या चेंबरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. तो हवेचं तापमान दाखवतो, तुमच्या नगाचं नाही. हवा १२५ अंशांवर पोचली तरी जाड हीटसिंकखालचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याखालचा) भाग बराच मागे असतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नगाच्या सगळ्यात जड भागावर चिकटवा आणि प्रत्येक तापमानाला किती वेळ थांबायचं ते त्यावरूनच ठरवा. नवखे लोक नेमके इथेच फसतात: शंभर सायकल (गरम-गार फेऱ्या) होतात, पण नग उणे ४० ला कधी पोचलेलाच नसतो!

बाकी थोडक्यात:

- सुरू करण्याआधी प्रत्येक नगाची मोजमापं आणि फोटो घ्या. नाहीतर तडा आधीचा की नंतरचा, यावर वाद घालत बसाल.
- चेंबर गच्च भरू नका, हवा खेळायला हवी.
- आयईसी ६००६८-२-१४ या आंतरराष्ट्रीय चाचणी मानकातला 'एनए' प्रकार झटक्याचा, 'एनबी' ठरावीक वेगाने तापमान बदलण्याचा. रिपोर्टमध्ये गल्लत नको.

सिरॅमिकचे भाग आणि ते ज्यावर बसवतात तो सर्किट बोर्ड एकसारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ताण त्यांना जोडणाऱ्या सोल्डरवर येतो. तिथल्या बारीक तड्याच्या कडा खोलीच्या तापमानाला पुन्हा एकमेकींना टेकतात नि मीटर 'ओके' म्हणतो. जमलं तर चाचणी चालू असतानाच रेझिस्टन्स नोंदवा. आयुष्यमानाची गणितं सध्या राहू द्या.