‘मी खरंच बेसूर गायले का?’ याचं उत्तर घरात कोणीच देत नव्हतं

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पालकांकडून येणारा एक प्रश्न फार वाढलाय. मुलगी गाते, क्लास लावलाय, घरच्यांनी हौसेने व्हिडिओ टाकला किंवा कार्यक्रमातल्या कोणीतरी टाकला, खाली लोकांनी वाट्टेल ते लिहिलं आणि आता ती तोंडच उघडत नाही. मॅडम, तिला कसं समजवायचं की दुर्लक्ष कर? हे "दुर्लक्ष कर" जवळपास प्रत्येक घरात सांगून झालेलं असतं, आणि माझा अनुभव असा की सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. का होत नाही ते एका मुलीच्या निमित्ताने लिहितेय. तिला आपण जुई म्हणू. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारलंय.

जुई अकरावीतली, सांगलीकडच्या एका गावातली. लहानपणापासून एका बाईंकडे शास्त्रीय शिकतेय, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मध्यमा प्रथमपर्यंत आलेली. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात कराओके ट्रॅकवर गायली, समोर सगळं गाव, घरच्यांना कोण कौतुक. मंडळातल्या एका पोराने मोबाईलवर शूट करून रील टाकलं आणि त्यातला अंतऱ्याचा नेमका सूर गेलेला तुकडा एका मीम पेजने उचलला, त्याला बकरीचा आवाज जोडला. दोन दिवसांत कॉलेजच्या सगळ्या ग्रुपवर. वर्गात शिरली की मागच्या बाकावरून बें बें.

घरच्यांनी आपापल्या परीने सगळं केलं. वडिलांनी तिचा मोबाईल काढून घेतला. आईने दुसरं अकाउंट काढून एकेकाला उत्तरं द्यायला सुरुवात केली, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत, आणि त्याने झालं काय तर भांडण वाढलं तसं ते रील अजून लोकांपुढे जायला लागलं, कारण कमेंट चांगली असो की वाईट, ॲपच्या हिशेबात ती कमेंटच असते. मामा म्हणाला केस टाकू. आणि सगळ्यांनी मिळून जुईला एकच सांगितलं, लोक जळतात तुझ्यावर, तू मस्तच गायलीस. जुईने काय केलं तर तानपुऱ्याचं ॲप डिलीट केलं, क्लासला डोकं दुखतंय सांगून दांड्या मारल्या, आणि जेवताना सुद्धा बोलणं बंद.

माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा हो-नाही एवढंच बोलली. दुसऱ्या वेळी तिने बॅगेतून फिजिक्सची वही काढली. मागच्या पानांवर तिने कमेंट उतरवून ठेवल्या होत्या, मोबाईल जाणार हे कळल्यावर, सुवाच्य अक्षरात, एकेका ओळीत एकेक, प्रश्नाची उत्तरं लिहावीत तशा. "बकरी कापली का." "हिला स्टेजवर कोणी सोडली." "आधी शिका मग गा." "रंग बघा आणि हौस बघा." "ट्रॅक वरच्या पट्टीत आहे, वरचे सूर लागत नाहीयेत." "वशिला असेल." अशी चांगली चार-पाच पानं. आणि त्यातल्या दोनच वाक्यांखाली लाल पेनाने रेघ, पट्टीवालं आणि "आधी शिका मग गा".

मी विचारलं, याच दोनांना लाल रेघ का गं? मला वाटलं होतं रंगाबद्दलचं सगळ्यात जास्त लागलं असेल. ती म्हणाली, "कारण हे खरं असू शकतं."
"आईला विचारलंस?"
"आई मस्तच म्हणते. घसा बसलेला असताना गायले तरी मस्तच म्हणते. मग मला कळणार कसं? निदान हे लोक खरं तरी बोलतात."

मला वाटतं तिच्या केसमधली सगळी मेख इथेच होती, आणि नंतर बऱ्याच मुलांमध्ये मी हीच बघितली. घरचे प्रेमापोटी सरसकट कौतुक करतात, मग मुलाच्या मनात हळूहळू असं बसतं की घरचे खोटं बोलतात आणि टीका करणारे खरं बोलतात. एकदा हे बसलं की शंभरातल्या नव्वद चांगल्या कमेंट घरच्यांसारख्याच खोट्या वाटायला लागतात, उरलेल्या दहा फक्त खऱ्या. त्यात आपल्या मेंदूचा कल आधीच वाईटाकडे जास्त. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये यावर एक मोठा आढावा लिहिला होता, वाईट अनुभव चांगल्यापेक्षा जास्त जोरात लागतो असं सांगणारा. म्हणजे जुई काही हळवी-बिळवी नव्हती, तिचं मन जे कोणाचंही करेल तेच करत होतं. अशा मुलीला दुर्लक्ष कर म्हणणं म्हणजे तिला पडलेला प्रश्न विचारूच नको म्हणणं. आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी बेसूर गायले का? गाणं शिकणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं.

अशा वेळी मुलांना लताबाईंचा किस्सा हमखास ऐकवला जातो, जुईलाही मामाने ऐकवला होता. लोकल ट्रेनमध्ये संगीतकार अनिल विश्वास यांनी लता मंगेशकरांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली, मुलगी मराठी आहे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. ते लताबाईंना लागलं, आणि मग त्यांनी उर्दू शिकायला मौलाना ठेवले. किस्सा चांगलाच आहे पण तो सांगताना आपण "बघ, त्यांनी पण ऐकून घेतलं" एवढंच सांगतो. मी जुईला म्हटलं आपण जरा नीट बघू त्यात काय काय आहे. बोलणारा माणूस समोर होता, त्याचं नाव माहीत होतं, त्याला भाषेतलं कळत होतं. बोलला ते उच्चारांबद्दल, म्हणजे शिकून बदलता येईल अशा गोष्टीबद्दल. आणि शिकवणारा माणूस मिळाला. आता तुझ्या वहीतलं यात काय काय बसतं ते तूच सांग. तिने वही पुढे ओढली आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, पट्टीवालं बसतं. "आधी शिका"? ते नाही बसत, कारण काय शिका ते सांगितलंच नाहीये त्याने.

ती लाल रेघ तिने स्वतः खोडली. मला काही सांगावं लागलं नाही.

पण पट्टीवालं खरं की खोटं हे मी सांगू शकत नव्हते, मी समुपदेशक आहे, मला गाण्यातलं तेवढं कळत नाही. म्हणून जुईला विचारून तिच्या बाईंना बोलावलं. बाई पेटी घेऊनच आल्या. त्यांनी हेडफोन लावून तो तुकडा ऐकला, परत ऐकला, मग पेटीवर ट्रॅकचा सा शोधला. काळी पाच, म्हणजे जुईच्या पट्टीपेक्षा वरची. "तू काळी चारमध्ये गातेस ना गं? मग हे कोणी ठरवलं?" कोणीच ठरवलं नव्हतं, साउंडवाल्याकडे जो ट्रॅक होता तो त्याने लावला. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर नव्हता, दोन्ही स्पीकर लोकांकडे तोंड करून, तिला ट्रॅक धड ऐकूच येत नव्हता. बाईंनी हे सगळं विचारून घेतलं आणि मग अगदी क्लासमध्ये सांगतात तसं सांगितलं, "वरचा गंधार दोन्ही वेळेला खाली राहिलाय. दुसऱ्या ओळीत शब्दाच्या मधेच श्वास तोडलास, ही तुझी जुनी खोड आहे, कितीदा सांगितलंय. मुखडा स्वच्छ सुरात आहे. आणि परत मुखड्यावर आलीस ती जागा छान घेतलीस."

जुई म्हणाली, "म्हणजे बेसूर झालं."
"तेवढं झालं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून खर्ज, खालच्या सुरांचा रियाज पुन्हा सुरू कर, आणि यापुढे ट्रॅक मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही."

मी जुईच्या चेहऱ्याकडे बघत होते. रडेल असं वाटलं होतं, पण तिने वही उघडून बाईंना विचारलं, गंधार खाली राहतो तो घशामुळे की श्वासामुळे? इतक्या दिवसांत तिने विचारलेला गाण्याबद्दलचा तो पहिला प्रश्न.

आई मात्र बाईंवर जाम चिडली. पोर आधीच खचलीये आणि तुम्ही तिला चुका काढून दाखवता! तिचं चिडणं मला कळत होतं, तिने लेकीसाठी रात्र रात्र भांडणं केली होती. तिच्याशी वेगळं बसून बोलले. म्हटलं, तुम्हाला सुरातलं कळतं का? नाही म्हणाली. मग तेच सांगा ना तिला, मला सुरातलं कळत नाही पण तू गायला लागलीस की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसते. हे खरं आहे ना? डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, म्हणाल्या खरंच आहे. आता त्या "मस्तच" म्हणत नाहीत, आवडलं तर आवडलं म्हणतात, आणि जुई मला म्हणाली की आईचं आता पटतं.

उरलेल्या वहीचं काय, तर रंगावरच्या, दिसण्यावरच्या, घाणेरड्या कमेंट आम्ही वेगळ्या काढल्या. ती टीका नव्हेच, त्यावर मुलीने विचार करायची काही गरज नाही, ते मोठ्यांचं काम. माणूस समोर नसताना, नाव लपलेलं असताना लोकांची जीभ सैल सुटते, जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्येच यावर लिहिलंय, पण म्हणून ते सहन करायचं असं अजिबात नाही. मुलगी अठराच्या आतली असेल आणि कमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये लैंगिक काही असेल तर ते पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात बसू शकतं. डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक, तारीख, अकाउंटचं नाव दिसेल असा, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जुईच्या बाबतीत वडिलांनी आणि मामाने ते केलं. मीम पेजवरचा व्हिडिओ रिपोर्ट करून एक उतरला, पण कॉप्या फिरतच आहेत, हे मी लपवत नाही. कॉलेजमधल्या बें बें साठी वडील वर्गशिक्षकांना जाऊन भेटले, ते मात्र बऱ्यापैकी थांबलं.

मोबाईल मी परत द्यायला सांगितला. काढून घेतला की मूल मैत्रिणीच्या मोबाईलवर बघतं, ते सुद्धा लपून, आणि मग बोलायला कोणीच उरत नाही. त्याऐवजी ठरलं असं की कमेंट तिने वाचायच्या नाहीत, तिचा आतेभाऊ वाचेल, तो तबला शिकतो, आणि गाण्याबद्दलचं नेमकं काही असेल तेवढंच बाईंना सांगेल. इंस्टाग्रामवर ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपवायची सोय आहे, एखाद्याला त्याच्या नकळत रिस्ट्रिक्ट करता येतं, म्हणजे त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत, यूट्यूबवर कमेंट आधी तपासून मग दाखवता येतात किंवा सरळ बंद करता येतात. हे अर्ध्या तासाचं काम असतं, पण मी बघते की व्हिडिओ टाकणाऱ्या बहुतेक पालकांनी ते सेटिंग उघडूनही बघितलेलं नसतं.

मुलग्यांच्या बाबतीत अजून एक सांगायला हवं. तेरा-चौदाचा मुलगा, लहानपणी गोड गळा म्हणून व्हिडिओ गाजलेले, आणि आवाज फुटायला लागला की खाली "आवाज गेला याचा", "पहिल्यासारखं नाही राहिलं". तो मुलगा मनातून हादरतो कारण त्याला वाटतं आपलं सगळं संपलं. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, मधले काही महिने तो हातात राहत नाही. हे त्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्या काळात व्हिडिओ नकोतच. उगाच जुन्या पट्टीत ओरडून गायला लावलं तर घशालाही त्रास.

आणि काही मुलं नुसती गाणं सोडून थांबत नाहीत. झोप उडते, जेवण तुटतं, कॉलेजला जायचंच नाही म्हणतात, "मी नसतेच तर बरं" असं काही बोलतात किंवा लिहून ठेवतात. तिथे "थोडे दिवस बघू" करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची 14416 ही हेल्पलाईन फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे.

जुई आता परत क्लासला जाते. तानपुऱ्याचं ॲप परत आलंय, सकाळी खर्ज चालू आहे, शेजाऱ्यांनी पण सांगितलं आईला. सगळं सुरळीत झालंय असं नाही. मध्ये एका रात्री तिने परत त्या पेजवर जाऊन सगळं वाचलं आणि दोन दिवस गायली नाही, पण तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं, आधी सांगितलं नसतं. सध्या व्हिडिओ टाकायचा नाही हे तिनेच ठरवलंय, मध्यमा पूर्णची परीक्षा झाली की बघू म्हणते. गावातल्या कार्यक्रमात गाते, ट्रॅकवर नाही, पेटी-तबल्यावर, काळी चारमध्ये.

तर व्हिडिओ टाकू द्यावा का, असं विचारणाऱ्या पालकांना मी एवढंच विचारते, तुमच्या मुलीच्या गाण्यातलं खरं खरं सांगणारा, आणि जो सांगितल्यावर तिला चालतो, असा एक तरी माणूस तिच्याजवळ आहे का? बहुतेक वेळा तो तिचा गुरू असतो. व्हिडिओ आधी त्यांना ऐकवा. कमेंटचं सेटिंग तुम्ही स्वतः बसून करा, आणि टाकायचा की नाही ते शेवटी तिला ठरवू द्या, तुमच्या हौसेखातर नको.