घरी अखंड बडबड, शाळेत मिठाची गुळणी

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, तिचा बाबा रात्री इंग्लिश गोष्टी वाचून दाखवतो. घरी तिची टकळी थांबत नाही, पण इंग्लिश प्लेस्कूल सुरू होऊन सहा आठवडे झाले, तिथे एक शब्द नाही. टीचर म्हणतात घरीपण इंग्लिशच बोला, म्हणजे लवकर बोलायला लागेल. आणि परवा बघते तर बाहुल्या ओळीत बसवून हुबेहूब टीचरच्या आवाजात 'सिट डाऊन, नो पुशिंग!' चाललेलं. मग शाळेतच काय होतं हिला? आमचं काही चुकतंय का?
— काळजीत पडलेली आई

उत्तर: अहो, तुमचं अर्धं उत्तर त्या बाहुल्यांनीच दिलंय की! जी मुलगी 'नो पुशिंग' घरी आणून सुरासकट म्हणून दाखवते तिचे कान शाळेत पूर्ण वेळ कामावर आहेत, फक्त तोंड अजून रजेवर आहे. नवीन भाषेत पडलेली लहान मुलं बऱ्याचदा असंच करतात, आधी ऐकतात, खुणा करतात, मग 'माय टर्न', 'मी टू' असे रेडिमेड तुकडे येतात आणि स्वतःची वाक्यं त्यानंतर. याला सायलेंट पिरियड म्हणतात, काही आठवडे चालतो, काहींचा काही महिने, आणि मूल मुळात बुजरं असेल तर जरा लांबतो.

घरी इंग्लिश बोला हा सल्ला मात्र मला अजिबात पटत नाही. टीचर चांगल्या मनानेच म्हणत असतील, पण दिवसभर गप्प राहून आलेल्या मुलीला मनमोकळं बोलायला जी एक भाषा आहे तीच काढून घ्यायची म्हणजे काय? दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, आणि 'आई, माझं शार्पनर लॉस्ट झालं' टाइप खिचडी झाली तरी तो गोंधळ नव्हे. शब्दसाठा मोजायचाच तर दोन्ही भाषांचा मिळून मोजा.

टीचरशी नीट बोला, तक्रारीच्या सुरात नको. सगळ्यांसमोर 'से गुड मॉर्निंग' असा आग्रह नको, हात हलवला तरी चालेल. प्रश्नांचा मारा करण्यापेक्षा शेजारी बसून 'तू लाल ब्लॉक लावलास' एवढंच म्हटलं तर पुष्कळ, त्यावर उत्तराची अपेक्षा नसते ना. आणि 'शू', 'पाणी', 'दुखतंय' हे तीन मराठी शब्द त्यांना कागदावर लिहून द्या. कारण बोलता येत नाही म्हणून शू धरून बसणारी, तहानलेली घरी येणारी मुलं असतात, ते मला गप्प बसण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तिलापण 'वॉटर', 'टॉयलेट', 'हेल्प' घरी खेळता खेळता शिकवून ठेवा. वर्गातली एखादीच मैत्रीण घरी खेळायला बोलवा, घोळक्यात न बोलणारी मुलं एकीसमोर बोलून जातात.

तिच्यादेखत 'लाजते हो ती' नका म्हणू. कोणी काही विचारलं की तिच्या वतीने पटकन उत्तर देऊन मोकळं होऊ नका, मनात पाच आकडे मोजा (फार लांब वाटतात, माहितीये!). सकाळी निरोप छोटा, पण न सांगता सटकायचं नाही.

आता डॉक्टरकडे कधी जायचं? सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची एक गोष्ट असते, घरी बोलणारं मूल शाळेत मनातल्या भीतीने बोलूच शकत नाही. त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत आणि केवळ भाषा येत नाही म्हणून गप्प असलेल्या मुलाला ते नाव देत नाहीत. म्हणून लक्ष यावर ठेवा की मराठी येणाऱ्या मुलाशीपण ती शाळेत बोलत नाही का, खुणाही करत नाही का, अंग आखडून बसते का. असं असेल, किंवा काही महिने जाऊनही तसूभर फरक नसेल तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मराठीतपण बोलणं वयाच्या मानाने कमी वाटलं तर आधी कान तपासून घ्या, पण तुम्ही सांगताय त्यावरून तसं वाटत नाही.

शाळा सुटल्यावर 'आज बोललीस का?' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी बाहुल्यांच्या ओळीत शेवटी जाऊन बसा, एक शब्द न बोलणारी नवीन मुलगी म्हणून. बघा ही टीचर तुमच्याशी कशी वागते.